सहा नंबरची वही

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

आजपासून सहा नंबरसाठी वेगळी वही. खात्याचं ब्रेकडाउन रजिस्टर आहेच, पण त्यात एका कामाला दीड ओळ मिळते आणि हे काम दीड ओळीत मावेलसं दिसत नाही.

मशीन अशी: १५० टनी इंजेक्शन मोल्डिंग (दाणा तापलेल्या बॅरलमध्ये स्क्रूने वितळवून मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायचा; टन म्हणजे मोल्ड मिटून धरायचा जोर), गुडघ्यासारख्या सांध्यांचा टॉगल क्लॅम्प, ४५ मिलिमीटरचा स्क्रू, २००९ ची. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये अकरा मशीन आहेत, आठ जुन्या आणि तीन नव्या. ही जुन्यांतली. चार वर्षं हिच्यावर एकच मोल्ड होता, गाडीच्या दाराच्या आत बसणाऱ्या पीपी प्लास्टिकच्या क्लिपा. दाण्यात काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा), क्लिप काळी, बसते तीही अंधारात. तो मोल्ड आता चार नंबरवर गेला आणि हिच्यावर एबीएस ह्या दुसऱ्या प्लास्टिकचं कव्हर आलं. रंग हस्तिदंती, दर्शनी भाग. साहेबांचं म्हणणं, दसऱ्याच्या पूजेला सहा नंबर नव्या कामावर पळताना दिसली पाहिजे.

म्हणजे हातात आठ आठवडे, आणि उघडायला मिळणार ते गुरुवार. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, बायकोच्या शाळेला रविवारी. लग्नाला नऊ वर्षं झाली, एकत्र सुट्टी सणालाच.

७ ऑगस्ट, गुरुवार

शेड बंद. मी, औंध आयटीआयचा एक अप्रेंटिस पोरगा, आणि ऑपरेटर मामा. मामांना यायची गरज नव्हती. चौदा वर्षं सहा नंबरवर उभे आहेत, म्हणाले, "माझ्या मागं तिला उघडू नका."

मेन आयसोलेटर खाली, कुलूप, किल्ली माझ्या खिशात. पोराला पहिलं हे दाखवलं. पाना नंतर.

पुढच्या दरवाजाचा लिमिट स्विच बाइंडिंग वायरने दाबून बांधलेला. दार उघडं ठेवून मोल्ड मिटावा म्हणून केलेली सोय. कोणी केली हे विचारलं तर कोणीच नाही. वायर कापली, स्विच नवा घातला, रोलर नीट बसवला. दीडशे टनांच्या मधे हात जातो तेव्हा त्या स्विचवरच सगळं असतं. ह्यावर मी कोणाशी चर्चा करत नाही.

बाकी पाहणी: हायड्रॉलिक तेल चालू पाळीत ६३ अंशांपर्यंत जातं (कालच बघून ठेवलं होतं). टॉगलच्या दोन पिना कोरड्या. एका होजला घाम. हॉपर ड्रायरचा (भरलेला दाणा वाळवणाऱ्या डब्याचा) पंखा आवाज करतो पण हवा देत नाही.

मामा जाता जाता म्हणाले, "डिसेंबरपासून हिला वास येतोय बघ." मी म्हटलं, मामा, पीपीला वास असतोच. ते गप्प बसले.

९ ऑगस्ट, शनिवार

पहिली ट्रायल. एबीएस, बॅरल २३०, मोल्डला ६० अंशांचं पाणी. कव्हर आलं, आणि त्यावर गेटपासून (माल मोल्डमध्ये शिरतो तिथून) निघालेली तपकिरी शेपूट, शिवाय मोहरीसारखे काळे ठिपके. सेटरने (मशीनचे आकडे बसवणारा) बघताक्षणी निकाल दिला: काळ्याचा माल आत राहिलाय, परजिंग करा, म्हणजे दुसरा माल ढकलून बॅरल धुवा.

पटण्यासारखंच होतं. चार वर्षं काळं चालवलेल्या बॅरलमध्ये हस्तिदंती घातलं तर पहिले काही तास काळं येणारच. दिवसभर परज केलं. आधी एचडीपीई, मग परजिंग कंपाउंड, मग एबीएस. चाळीस किलो माल लम्प (गोळे) होऊन खाली पडला. मशीनसमोर त्या लम्पांची रांग लागली. ट्रिमिंगच्या ताई येता-जाता म्हणायच्या, "आज काय, भजी तळताय?"

संध्याकाळी ठिपके कमी झाले. शेपूट तशीच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आता ठिपके आणि शेपटीच्या जोडीला चंदेरी रेघा. हा ओलावा असावा असं वाटलं. एबीएस हवेतला दमटपणा ओढून घेतं, पावसाळ्यात तर फारच, म्हणून ते ८० अंशांवर दोन ते चार तास वाळवून घ्यावं लागतं. पीपीला हे लाड लागत नाहीत, त्यामुळे सहा नंबरचा ड्रायर चार वर्षं नुसता शोभेला होता. फिल्टर काढला तर प्लास्टिकच्या धुळीची गादी. हवा जाणार कुठून? डिस्प्लेवर ८० दिसायचे, कारण सेन्सर हीटरशेजारी आहे. दाणा खाली गारच.

फिल्टर धुतला, ब्लोअरचे बेअरिंग बदलले. चार तास वाळवून पुन्हा चालवलं. रेघा निम्म्या झाल्या. निम्म्याच.

इथे मी चूक केली. निम्म्या गेल्या म्हणजे कारण सापडलं, उरलेल्या हळूहळू जातील, असं धरून चाललो. एकाच खुणेमागे दोन कारणं असू शकतात. वितळलेला माल जास्त तापून फुटला तरी वायू होतो आणि त्याच्याही रेघा हुबेहूब ओलाव्यासारख्याच दिसतात. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही.

१४ ते १६ ऑगस्ट, गुरुवार ते शनिवार

हीट एक्स्चेंजर उघडला. नळ्यांमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार इतका की पेन्सिल आत जाईना. सल्फॅमिक ॲसिडचं पाणी चार तास फिरवलं, मग ब्रश, मग साधं पाणी. तेलाच्या टाकीतला सक्शन स्ट्रेनरही काढून धुतला. तेल ६८ नंबरचं, रंग बरा होता, फिल्टर करून तेच भरलं.

शुक्रवारी झेंडावंदनाची सुट्टी होती. शनिवारी पूर्ण पाळी चालवून बघितली, तेल ४६ वर थांबलं. ह्यावर अजून लिहिण्यासारखं काही नाही. पाण्याला सॉफ्टनर बसवा असं तिसऱ्यांदा लिहून दिलं आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

एक विचित्र गोष्ट दिसली, नोंद करून ठेवतो.

बॅरलला नोझल (बॅरलचं तोंड) धरून पाच ठिकाणी तापमान मोजलं जातं. आमच्या मशीनवर नोझलकडून मोजतात: नोझल, मग झोन एक, दोन, तीन, चार, चार हा हॉपरच्या बाजूचा. प्रत्येक झोनला थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी), प्रत्येकाला एस.एस.आर. (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), त्यावर लाल दिवा. दिवा पेटला की हीटर चालू.

आज पॅनेल उघडं होतं म्हणून सहज बघत उभा राहिलो. झोन दोनचा दिवा जवळपास सतत चालू. झोन तीनचा दिवा वीस मिनिटांत एकदाही पेटला नाही. तरी झोन तीनचा आकडा २२० च्या सेटला २३९. झोन एकचंही तसंच, दिवा क्वचित आणि आकडा सेटच्या वर.

हीटर बंद आणि झोन तापलेला. सेटर म्हणाला, "स्क्रूच्या घासण्याची उष्णता आहे, बॅक प्रेशर कमी करतो." केलं. दोन-तीन अंशांनी उतरलं. तेवढ्यात नऊ नंबरचा ब्रेकडाउन आला आणि मी तिकडे गेलो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दोन दिवसांचं एकदम लिहितोय.

बुधवारी गणपती बसले, गुरुवारी शेड बंदच. घरचा गणपती दीड दिवसाचा, गुरुवारी दुपारी चारला घरच्या घरी बादलीत विसर्जन केलं आणि पाचला शेडमध्ये. आई काही बोलली नाही, प्रसादाचा डबा तेवढा हातात दिला. मामा आणि पोरगा आधीच आले होते. ठरवलं होतं, स्क्रू बाहेर काढायचा.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी: स्क्रू गार असताना निघत नाही, आतल्या मालाने तो बॅरलला चिकटलेला असतो. म्हणून आधी एचडीपीईने बॅरल धुऊन घ्यायचं आणि तापलेलंच उघडायचं. नोझल काढताना कोणीही समोर उभं राहायचं नाही. आत वायू दाबून बसलेला असेल तर माल पिचकारीसारखा उडतो. माझ्या डाव्या कोपराखाली रुपयाएवढा डाग आहे, तो असाच मिळालेला.

नोझल, मग बॅरलचं डोकं, आठ बोल्ट. पाठीमागे स्क्रूचं कपलिंग सोडलं, मधे सागाचे ठोकळे घातले आणि इंजेक्शन सिलिंडरनेच हळूहळू स्क्रू पुढे ढकलला. वजन पंधरा किलोच्या आतलं, पण तापलेले पंधरा किलो म्हणजे वेगळं प्रकरण. दोघांनी हातमोजे घालून झेलला, लाकडी घोड्यावर ठेवला.

टिप काढायला पोराला सांगितलं. बिचाऱ्याने सगळा जीव लावला, पाइप घातला, पाय लावला. मामा हसत होते. स्क्रूच्या टिपेला उलटे आटे असतात, कारण स्क्रू फिरताना सरळ आटे सैल होतील. आपण सोडवतोय समजून तो घट्ट करत होता. मलाही २०१३ मध्ये असंच हसले होते, तेव्हाच्या फिटर काकांनी तर अर्धा तास बघत ठेवलं होतं.

चेक रिंग गेलेली. सीटला खाच पडली होती, म्हणजे माल दाबताना मागे गळत होता. नवी घातली. स्क्रू बाहेरून ४४.७८, चालेल अजून दोन वर्षं.

आता मुख्य गोष्ट. पितळी ब्रशने घासायला घेतला तर काळं कुठे होतं? सगळीकडे नव्हतं. जुन्या रंगाचा माल असता तर थोडा-थोडा सगळ्या आट्यांत सापडला असता, मागे हॉपरकडेही. इथे मागचा अर्धा स्क्रू चकचकीत, पुढचं टोक बरं, आणि मधे साधारण दीड वीत लांबीवर जळकं कवच, तव्याला डोशाचं पीठ लागतं तसं. नखाने निघेना.

मी खडूने फरशीवर बॅरलचे झोन आखले आणि त्या रेषांशेजारी स्क्रू धरून बघितला. कवच बरोबर झोन दोनवर.

मामा म्हणाले, "इथंच जळतंय." मग थोड्या वेळाने, "डिसेंबरपासून."

स्क्रू साफ करून रात्री साडेअकराला परत आत. डोक्याचे बोल्ट गरम असताना पुन्हा एकदा आडवे-तिडवे ओढले, आट्यांना निकेलची अँटिसीझ लावली होती.

२ सप्टेंबर, मंगळवार

झोन दोन खरंच जास्त तापतो का, हे मोजायचं. आधी इन्फ्रारेड गन मारली. झोन दोनच्या हीटरवर १७२, झोन तीनवर १६८. ह्या आकड्यांना काही अर्थ नाही. हीटरच्या पट्टीवरचं कव्हर चकचकीत स्टीलचं, आणि चकचकीत धातूवर ही गन कमीच वाचते. खात्यात सगळे तिच्यावर विश्वास ठेवतात कारण तिला लाल ठिपका आहे.

मग सुईचा पायरोमीटर आणला. नोझल मागे घेऊन हवेत शॉट मारला आणि लम्पात लगेच सुई खुपसून हलवत राहिलो. २६४. सगळे झोन २२० ते २३० ला सेट असताना माल २६४ कसा? पुन्हा मारला, २६२.

झोन दोनचा कंट्रोलर बदलून बघितला, झोन एकचा तिथे आणि तिथला इथे. फरक नाही. म्हणजे आकडा वाचणारा ठीक आहे, आकडा पाठवणारा चुकतोय.

३ सप्टेंबर, बुधवार

झोन दोनचा थर्मोकपल काढला. स्प्रिंगचा, बायोनेट टोपीचा, नेहमीसारखा. ओपन (तार तुटलेला) नाही, अर्थला लागलेला नाही, टोक नीट टेकत होतं. दिसायला निर्दोष.

कँटीनमधली इलेक्ट्रिक किटली आणली. (कँटीनच्या दादांना वाटलं मशीनपाशी चहा करणार.) पाणी खळखळून उकळलं, थर्मोकपल आत बुडवला, तारा कंट्रोलरलाच. डिस्प्ले चढत गेला: ६०, ७५, ८२, ८३. आणि थांबला.

पाणी ८३ ला उकळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळे इथे शंभरऐवजी ९८ च्या आसपास उकळतं, पण ८३ म्हणजे महाबळेश्वरही नाही, हिमालय झाला.

झोन तीनचा थर्मोकपल त्याच किटलीत, त्याच कंट्रोलरवर: ९८.

मग खिशातला चुंबक. थर्मोकपलच्या टोपीवर नाव नव्हतं आणि तारांच्या रंगावर जाऊ नये, प्रत्येक देशाचा रंगांचा नियम वेगळा आणि लोकल माल कोणताच नियम पाळत नाही. पण धातू खोटं बोलत नाही. आमच्याकडे थर्मोकपल दोन प्रकारचे, 'जे' (J) आणि 'के' (K). जे टाइपमध्ये प्लसची तार लोखंडाची असते, चुंबकाला टपकन चिकटते. के टाइपमध्ये प्लसची तार चिकटत नाही, मायनसची हलकीशी ओढली जाते.

झोन तीनचा: प्लस चिकटली. जे.
झोन दोनचा: प्लस हलली नाही. मायनस ओढली गेली. के.

आमच्या जुन्या आठ मशीनचे कंट्रोलर जे टाइपला लावलेले आहेत. नव्या तीन के वर चालतात. के ची तार एका अंशाला जे पेक्षा कमी मिलिव्होल्ट देते, आणि कंट्रोलरला वाटतं अजून तापलं नाही. तो बिचारा हीटर चालूच ठेवतो. रात्री घरी तक्ते घेऊन बसलो. शेडचं तापमान ३० धरलं तर डिस्प्लेवर २३० दिसताना त्या झोनमध्ये खरे २९७ होतात. २१० ला २७०.

आता सगळं एका दोरीत आलं. दोनचा दिवा सतत चालू, कारण तो ३०० च्या दिशेने पळत होता. तीन आणि एक शेजाऱ्याच्या आगीने तापत होते, म्हणून त्यांचे हीटर बंद. आणि काळी क्लिप? तीही तिथे २७० ला भाजत होती, पण काळ्यावर काळा ठिपका कोणाला दिसणार.

मार्चमध्ये ग्राहकाने तक्रार केली होती, क्लिपा बसवताना तुटतात. पीपी जास्त तापलं की त्याच्या साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो. आम्ही तेव्हा सगळं खापर रिग्राइंडवर (दळून परत वापरलेल्या मालावर) फोडलं होतं, ग्राइंडरवरच्या पोराला मेमो दिला होता.

४ सप्टेंबर, गुरुवार

सुट्टी होती. तरी गेलो, रजिस्टर बघायला.

मामा डिसेंबर म्हणत होते म्हणून डिसेंबरपासून चाळलं. सापडायला दहा मिनिटं लागली.

"२३/१२/२४. थर्ड शिफ्ट. मशीन ६. झोन २ टी.सी. ओपन. बदलला. ओके."

अक्षर माझं. सही माझी.

ती रात्र आठवते. दोन मशीन एकदम बंद होत्या, पहाटे साडेतीन वाजले होते, स्टोअरची किल्ली वॉचमनकडून घेतली. स्टोअरमध्ये थर्मोकपलचा एकच डबा आहे, दोन्ही प्रकारांचे बायोनेट त्यात एकत्र पडलेले. वरचा उचलला, लावला, आकडा चढला, २१० वर थांबला. ओके.

आकडा थांबला म्हणजे ओके. त्यापलीकडे मी काही बघितलं नव्हतं. चाळीस किलो परजिंग, स्क्रू, आठ महिन्यांच्या क्लिपा, आणि तो मेमो. साडेतीनशे रुपयांचा स्पेअर.

बराच वेळ स्टोअरच्या पायरीवर बसलो. पान फाडावं असंही एकदा मनात आलं, हे लिहून ठेवतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये रजिस्टर उघडून समोर ठेवलं. त्यांनी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं. म्हणाले, "बरं झालं, दुसऱ्याचं निघालं असतं तर तू आठ दिवस बोलत बसला असतास." खरं आहे ते.

मेमो मागे घ्यायचं विचारलं. एच.आर.ला पत्र टाकतो म्हणाले. ग्राइंडरच्या पोराला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मी तेव्हाच सांगत होतो." सांगत होता.

मामांना सांगितलं तर ते नुसते "हं" म्हणाले. त्यांना माझी कबुली नको होती. वास कधीपासून येतो हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

झोन दोनला जे टाइप घातला. आधी किटलीत तपासून.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी, निम्मे लोक विसर्जनाला. मशीन बरोबर तापमानावर चालू केली आणि कव्हर अर्धंच भरलं. शॉर्ट. दहाच्या दहा शॉर्ट.

सेटर तापला. "काल भरत होतं, आज नाही. तुम्ही मशीन बिघडवली." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. त्याने महिनाभर जी सेटिंग बसवली ती २६४ अंशांच्या पातळ मालावर. आता माल खरोखर २३० ला आला, घट्ट झाला, तेवढ्या दाबात मोल्डच्या टोकापर्यंत जात नाही. बिघाड काढला की बिघाडाला धरून बसवलेली घडीही मोडते, आणि मोडणाऱ्याचं तोंड कोणालाच बघवत नाही.

दुपारी त्याला घेऊन कँटीनमध्ये किटलीचा प्रयोग पुन्हा केला, त्याच्या हाताने. ८३ बघितल्यावर तो हसायला लागला. मग दोघांनी पहिल्यापासून बसवलं. इंजेक्शन प्रेशर ७० बारवरून ९५, वेग वाढवला, मोल्डचं पाणी ६० चं ६५, होल्डिंग थोडं लांबवलं. नवी चेक रिंग असल्याने कुशन (शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारा माल) आता जागेवर थांबतं, आधी ते शॉटगणिक नाचायचं. पाच वाजता पहिलं पूर्ण कव्हर आलं. ठिपका नाही, शेपूट नाही, रेघ नाही. सायकल ३४ सेकंद.

जुनी सेटिंग शीट त्याने स्वतः लाल पेनाने आडवी मारली. क्लिपांची शीटही रद्द केली, कारण चार नंबरवर तीच लावून चाललं होतं. तिकडे दोन आठवडे शॉर्टचा त्रास का होतोय, हे त्यालाही आजच कळलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

टॉगल. सेंट्रल ल्युब्रिकेशनचा पंप चालतो, टाकीतलं तेल संपतं, सगळे खूश. पण तेल जातं कुठे? डिस्ट्रिब्युटरच्या बारापैकी दोन नळ्या चेपलेल्या आणि एक तुटून थेट बेडवर गळत होती. पाच महिने आम्ही बेडला वंगण दिलं. त्या पिनांच्या बुशा अंडाकृती झाल्यात. ऑर्डर टाकली, तोपर्यंत नळ्या नव्या टाकून हाताने ग्रीस.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्लॅटन (मोल्ड धरणाऱ्या जाड पाट्या) डायल गेजने तपासली. वर-खाली ०.१५ फरक, टाय बारचे (त्यांना जोडणाऱ्या दांड्यांचे) नट फिरवून ०.०५ वर आणला. कव्हरच्या खालच्या कडेला येणारा केसाएवढा फ्लॅश (मोल्डच्या फटीतून आलेलं जादा प्लास्टिक) गेला. ट्रिमिंगच्या ताईंनी विचारलं, "आता आम्हाला काम राहणार का?" पॅकिंगला घेतलंय त्यांना, कापायचं काम निम्मं झालं.

२४ सप्टेंबर, बुधवार

ग्राहकाचा माणूस येऊन गेला. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात दोन्हीकडे रंग बघितला. पास. बुशा आल्या नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. उद्या दसरा, पण उद्या गुरुवार म्हणून पूजा आजच. मशीन धुतल्या, झेंडूची तोरणं, पान्यांना हळदीकुंकू. दरवर्षीचं माझं एकच भांडण: नारळ मशीनवर फोडायचा नाही, फरशीवर फोडा. तीन वर्षांपूर्वी नारळाचं पाणी आठ नंबरच्या पॅनेलमध्ये गेलं होतं आणि दसऱ्याचा ड्राइव्ह दिवाळीला आला.

सहा नंबर पूजेच्या वेळी चालू होती. मामांनी तिच्या हॉपरला हार घातला. मी हार थोडा वर सरकवला, ड्रायरची हवा अडत होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून मी आणि पोरगा, किटली आणि चुंबक. अकरा मशीन, पंचावन्न थर्मोकपल. एकेक काढायचा, चुंबक लावायचा, शंका आली तर उकळत्या पाण्यात, मग टोपीला पत्र्याचा बिल्ला, त्यावर ठोकलेलं अक्षर: जे किंवा के. स्टोअरमध्ये आता दोन डबे, एक निळ्या रंगाने रंगवलेला.

पंचावन्नांत दोन चुकीचे निघाले. एक दोन नंबरच्या नोझलवर, तो के. दुसरा नऊ नंबरच्या झोन चारवर, आणि तो उलटा: नवी मशीन, के चा कंट्रोलर, लागलेला जे. तिथे डिस्प्लेवर २३० असताना खरे १८०. नऊ नंबरची स्क्रू मोटर ओव्हरलोडवर का पडते हे आम्ही जूनपासून शोधत होतो. कच्चा दाणा दळत होती ती. १९ ऑगस्टला मी सहा नंबरचे दिवे बघायचं सोडून ज्या ब्रेकडाउनला पळालो, तो हाच.

दोन नंबरची नोंद रजिस्टरमध्ये सापडली, माझी नाही. नऊ नंबरची कुठेच नाही.

संध्याकाळी रजिस्टरमध्ये पोराने लिहिलं, मी बघत होतो. सव्वा पान झालं. बुशा सोमवारी येतायत.